फाशीचा दोर आणि सिद्धतेचे ओझे : १९८३ च्या दीना खटल्याचा अभ्यास

२७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा मध्यवर्ती कारागृहात चार तरुणांना फाशी दिली गेली. जोशी-अभ्यंकर हत्याकांड हे नाव काढले की त्या काळात पुण्यात राहिलेल्या माणसांचा आवाज आजही खाली येतो. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या सव्वा वर्षात या चौघांनी दहा जणांचे प्राण घेतले. सगळे टिळक रस्त्यावरच्या कला महाविद्यालयातले विद्यार्थी. घरात शिरायचे, माणसांना बांधायचे आणि नायलॉनच्या दोरीने गळा आवळायचा, ही त्यांची रीत. सप्टेंबर १९७८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने त्यांना मृत्युदंड ठोठावला. एप्रिल १९७९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दारही बंद झाले. राष्ट्रपतींनीही दया नाकारली.

त्यानंतर त्यांनी एक मागणी केली. आम्हाला फाशी देऊ नका, विजेच्या खुर्चीत बसवा, त्यात वेदना कमी होतात. सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. विजेने येणारे मरण फाशीपेक्षा कमी वेदनेचे असते हे सिद्ध झालेले नाही, असे कारण दिले.

ज्यांनी दहा माणसांच्या गळ्याला दोरी लावली त्यांनी स्वतःच्या गळ्याला दोर नको म्हणावे, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला संताप आला होता. तो संताप चुकीचा होता असे मला आजही वाटत नाही. पण न्यायालयाच्या उत्तरातला एक शब्द तेव्हापासून मनात अडकून राहिला आहे : ‘सिद्ध’. विजेची वेदना कमी आहे हे सिद्ध नाही, हे ठीक. मग दोराची वेदना कमी आहे हे कोणी, कधी, कशाच्या आधारावर सिद्ध केले? याचे उत्तर शोधायला गेले की आपण येरवड्याच्या फाशीच्या दोनच महिने आधी लागलेल्या एका निकालापाशी येऊन पोचतो. हा अभ्यास त्या निकालाचा आहे.

प्रश्न नेमका काय होता

दीना ऊर्फ दीना दयाल विरुद्ध भारत सरकार. निकालाची तारीख २३ सप्टेंबर १९८३. खंडपीठावर सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड, न्यायमूर्ती आर. एस. पाठक आणि न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी. चंद्रचूड पुण्याचे, कायद्याचे शिक्षणही पुण्यातच झालेले.

मृत्युदंड असावा की नसावा हा वाद इथे नव्हता. तो तीन वर्षे आधी, मे १९८० मध्ये, बच्चन सिंग खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाली निघाला होता. मृत्युदंड घटनेत बसतो, पण तो ‘विरळातल्या विरळ’ प्रकरणातच द्यावा, असे तिथे ठरले. त्या चौघांत चंद्रचूडही होते. विरोधात एकटे न्यायमूर्ती भगवती. त्यांचा भिन्न निकाल १९८२ मध्ये बाहेर आला आणि त्यात त्यांनी अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगाच्या एका माजी वॉर्डनने केलेले फाशीचे वर्णन उद्धृत केले. ते वर्णन वाचवत नाही. माझ्या मते दीना खटल्याची जमीन त्या भिन्न निकालाने तयार केली होती.

याचिकाकर्त्यांचे बोट एकाच वाक्यावर होते. फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ चे कलम ३५४(५) : मृत्युदंड सुनावताना, त्या व्यक्तीला मरेपर्यंत गळफास देऊन लटकवावे, असा आदेश द्यावा. बच्चन सिंग खटल्यात शिक्षा तपासली गेली, शिक्षा अमलात आणण्याची तऱ्हा तपासली गेली नाही, असा त्यांचा मुद्दा होता. घटनेच्या अनुच्छेद २१ प्रमाणे कोणाचेही जीवित कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेनेच हिरावून घेता येते, आणि १९७८ च्या मनेका गांधी खटल्यापासून ही प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असावी लागते. मग गळ्याला दोर बांधून माणसाला खाली सोडणे वाजवी आहे का?

इथे न्यायालयाने एक गोष्ट केली, जिचे महत्त्व निकालाच्या शेवटाइतकेच आहे, किंबहुना जास्त. फाशी क्रूर आहे हे कैद्याने सिद्ध करावे, असे न्यायालय म्हणाले नाही. जीव घेणार आहे ते राज्य, तेव्हा आपली पद्धत न्याय्य आणि वाजवी आहे हे दाखवण्याचे ओझे राज्याचे, असे ते म्हणाले. कोठडीत बसलेल्या माणसाने शरीरशास्त्राचे पुरावे आणायचे कुठून? त्यामुळे हे ओझे योग्य खांद्यावर ठेवले गेले, असे मला मनापासून वाटते.

मग न्यायालयाने कसोट्या घातल्या. शिक्षा अमलात आणण्याची कृती शक्य तितकी झटपट आणि साधी असावी, कैद्याच्या मनातली भीती विनाकारण धारदार करणारे त्यात काही नसावे. कृती होताच शुद्ध हरपावी आणि लगेच मरण यावे. ती सभ्य असावी. आणि देहाची विटंबना, छिन्नविच्छिन्न होणे त्यात नसावे.

या कसोट्यांवर फाशी उतरते, असा निकाल लागला. फाशीत इतर कोणत्याही ज्ञात पद्धतीपेक्षा जास्त वेदना होत नाहीत, तिच्यात रानटीपणा, छळ वा मानहानी नाही, आणि राज्याने आपले ओझे उतरवले आहे, असे न्यायालयाने म्हटले.

दोर काय करतो

राज्याने ते ओझे खरोखर उतरवले का, हे पाहायचे तर आधी तख्तावर काय होते ते समजून घ्यावे लागेल. हा भाग सोसवत नसेल त्यांनी पुढच्या भागावर जावे. पण ज्यांना फाशी हवी आहे आणि ज्यांना नको आहे त्या दोघांनीही हे एकदा जाणून घ्यावे, असे मला वाटते.

फाशी म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो त्या खरे तर दोन वेगळ्या पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत माणूस थोडासाच खाली पडे किंवा नुसताच उचलला जाई, आणि गळा आवळून मरे. याला कित्येक मिनिटे लागत. इंग्लंडमध्ये जाहीर फाशी होती तेव्हा लटकणाऱ्याचे हाल लवकर संपावेत म्हणून नातलग त्याचे पाय ओढत. नायलॉनच्या दोरीने जोशी-अभ्यंकर कुटुंबातल्या माणसांना आलेले मरण शरीराच्या दृष्टीने याच जातीचे होते.

दुसरी पद्धत एकोणिसाव्या शतकातली. १८६६ मध्ये आयर्लंडच्या सॅम्युअल हॉटन यांनी गणित मांडले : माणूस पुरेसा खोल पडून एकदम थांबला तर हिसक्याने मान मोडेल आणि क्षणात शुद्ध जाईल. १८७२ मध्ये विल्यम मारवुड या पेशाने चांभार असलेल्या माणसाने लिंकनच्या तुरुंगात हा लांब झोका प्रत्यक्षात आणला. पुढे ब्रिटिश गृहखात्याने वजनानुसार झोक्याची कोष्टकेच काढली. जड माणसाला आखूड झोका, हलक्या माणसाला लांब. आपल्या जेल मॅन्युअलमधली कोष्टके याच घराण्यातली. आधी कैद्याचे वजन करायचे, त्याच्या दीडपट वजनाचे वाळूचे पोते टांगून दोर तपासायचा, दोराला मेण किंवा तूप लावायचे, डोक्यावर टोपी घालायची, पाय बांधायचे आणि खटका ओढायचा.

सगळे जमून आले तर मानेचा दुसरा मणका मोडतो, मज्जारज्जू तुटतो आणि माणूस तत्काळ बेशुद्ध होतो. हृदय त्यानंतरही काही मिनिटे धडधडत राहते. झोका कमी पडला तर मान मोडत नाही, गळा आवळला जातो, म्हणजे नव्या तख्तावर जुनीच फाशी होते. झोका जास्त झाला तर मुंडके तुटते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९३० मध्ये एका स्त्रीच्या बाबतीत तसे घडले आणि त्या राज्याने फाशी सोडून विषारी वायूची कोठडी स्वीकारली. इराकमध्ये सद्दाम हुसेनच्या सावत्र भावाच्या बाबतीत जानेवारी २००७ मध्ये हेच झाले.

म्हणजे फाशीची ‘माणुसकी’ सगळी त्या काही इंचांत आहे. वजन, मानेचे स्नायू, वय, गाठीची जागा यांतले एक चुकले की गणित चुकते. गाठीच्या जागेबद्दलचे सुरुवातीचे शास्त्र कुठून आले तेही सांगितले पाहिजे. फ्रेडरिक वुड-जोन्स या शरीररचनातज्ज्ञाने १९१३ मध्ये फाशीने मणका नेमका कसा मोडतो यावर निबंध लिहिला. त्यासाठी त्याने जे मणके तपासले त्यांत तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रंगूनच्या तुरुंगातून आलेले मणकेही होते. आपल्याकडच्या कैद्यांच्या हाडांवरून जगाने फाशीचे शास्त्र शिकून घेतले, आणि स्वतंत्र भारताने मात्र ती हाडे पुन्हा तपासली नाहीत.

इंग्लंडने उशिरा का होईना, तपासली. १८८२ ते १९४५ या काळात फाशी दिलेल्या ३४ जणांचे पुरलेले सांगाडे उकरले गेले तेव्हा त्यांची मान पाहिली गेली. हे लांब झोक्याचे, कोष्टकांचे, अनुभवी जल्लादांचे युग होते. तरीही मोडलेला मणका मोजक्यांतच सापडला, आणि पाठ्यपुस्तकात दाखवतात तसा तर त्याहूनही कमी. सांगाड्यावरून सगळेच कळत नाही हे खरे. मऊ ऊती, मज्जारज्जू, रक्तवाहिन्या तोवर मातीत गेलेल्या असतात, आणि हाड न मोडताही शुद्ध लवकर जाऊ शकते. पण ‘दोराने मान मोडते आणि क्षणात सगळे संपते’ हे वाक्य आपण जितक्या खात्रीने बोलतो तितकी खात्री या हाडांनी दिलेली नाही.

हा अभ्यास दीना निकालानंतरचा, नव्वदच्या दशकाच्या आरंभीचा. त्यामुळे न्यायमूर्तींना तो माहीत असणे शक्य नव्हते.

समोर मांडलेले पर्याय

निकालाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. १९८३ मध्ये ज्या पर्यायांशी फाशीची तुलना झाली त्यांत तिच्याहून सरस असा एकही पर्याय खात्रीने दाखवता आला नसता. चौघांनी मागितलेली विजेची खुर्ची घ्या. ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यू यॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विल्यम केमलर हा तिच्यात बसलेला पहिला माणूस. वीज सोडली, बंद केली, तो मेला म्हणून जाहीर झाले आणि मग लक्षात आले की त्याचा श्वास चालू आहे. पुन्हा वीज सोडावी लागली. मांस जळाल्याचा वास खोलीभर पसरला. फाशीच्या बिघडलेल्या प्रकारांना कंटाळून, माणुसकीच्या नावाने आणलेले हे यंत्र होते. त्याला शतक उलटल्यावर जॉर्जिया (२००१) आणि नेब्रास्का (२००८) या राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनी तिथली विजेची खुर्ची घटनाबाह्य ठरवली. येरवड्याच्या चौघांनी जे मागितले ते त्यांना मिळाले असते तर त्यांचे मरण सोपे झाले असते, असे मानायला आज तरी जागा नाही.

विषारी वायूची कोठडी १९२४ मध्ये नेवाडात सुरू झाली. तिच्यात गुदमरणारा माणूस काचेपलीकडच्या साक्षीदारांना दिसत राहतो.

ब्रिटनमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगाने १९४९ ते १९५३ या काळात मृत्युदंडाच्या इतर प्रश्नांबरोबर हाही प्रश्न उगाळला होता. माणुसकी, खात्री आणि सभ्यता या त्यांच्या तीन कसोट्या. आयोगाने फाशीच ठेवावी असे सुचवले. इंजेक्शनचाही विचार झाला, पण ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने या कामाला हात लावायला नकार दिला. आपल्या विधी आयोगाने १९६७ च्या ३५व्या अहवालात फाशी बदलण्याची शिफारस केली नाही. दीना निकाल बराचसा या दोन खांबांवर उभा आहे.

पण गॉवर्स आयोगाने ज्या फाशीची तारीफ केली ती कुठली? तिथे अल्बर्ट पियरपॉइंटसारखा पिढीजात, शेकडो फाशांचा अनुभव असलेला जल्लाद आयोगासमोर साक्ष द्यायला आला होता. कोठडीचे दार उघडल्यापासून खटका पडेपर्यंत काही सेकंद लागत. आपल्याकडे २००४ ते २०२० या सोळा वर्षांत मिळून आठ फाशा झाल्या : ऑगस्ट २००४ मध्ये कोलकात्याच्या अलिपूरला एक, नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्याला कसाबची, फेब्रुवारी २०१३ मध्ये तिहारला एक, जुलै २०१५ मध्ये नागपूरला याकूब मेमनची, आणि २० मार्च २०२० च्या पहाटे तिहारमध्ये एकदम चार. ज्या कामात काही इंचांची चूक चालत नाही ते काम आपण काही वर्षांतून एकदा, वेगवेगळ्या तुरुंगांत, वेगवेगळ्या हातांकडून करून घेतो. फाशा वाढवाव्यात असे मला म्हणायचे नाही. ब्रिटिश आयोगाने दिलेले प्रमाणपत्र आपल्या तख्ताला आपोआप लागू होत नाही, इतकेच म्हणायचे आहे. दीना निकालाच्या वीस महिने आधी, जानेवारी १९८२ मध्ये, तिहारमध्ये दोघांना एकत्र फाशी झाली होती. त्यांतल्या एकाची नाडी दोन तासांनीही लागत होती, असे तिथल्या एका अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर लिहिले आहे.

राहिले इंजेक्शन. ते निकालाच्या वेळी जेमतेम नऊ महिन्यांचे होते. ७ डिसेंबर १९८२ रोजी टेक्सासमध्ये ते पहिल्यांदा वापरले गेले. तीन औषधे : आधी भूल, मग स्नायू लुळे करणारे औषध, मग हृदय थांबवणारे पोटॅशियम क्लोराइड. पांढरी चादर, सलाईनची नळी, झोप लागल्यासारखा चेहरा. जगाला वाटले, उत्तर सापडले. आपल्याकडेही तसेच वाटले. विधी आयोगाने २००३ च्या १८७व्या अहवालात फाशीबरोबर इंजेक्शनचाही पर्याय कायद्यात घालावा अशी शिफारस केली.

पुढच्या वीस वर्षांनी त्या शिफारशीखालची वाळू सरकली. एप्रिल २०१४ मध्ये ओक्लाहोमात क्लेटन लॉकेट याला मरायला ४३ मिनिटे लागली. भूल लागली असे समजल्यावर तो बोलू लागला, उठू पाहू लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲरिझोनात जोसेफ वूड जवळपास दोन तास धापा टाकत राहिला, त्याला औषधाच्या पंधरा मात्रा दिल्या गेल्या. ऑस्टिन सरात या अमेरिकी अभ्यासकाने १८९० ते २०१० या काळातले त्या देशातले मृत्युदंड तपासले तेव्हा बिघडलेल्या प्रकरणांचे प्रमाण इंजेक्शनमध्ये सुमारे सात टक्के निघाले, तर फाशीत सुमारे तीन टक्के. सगळ्यांत शांत दिसणारी पद्धत सगळ्यांत जास्त वेळा बिघडली होती.

असे का होते याचे एक कारण साधे आहे. शीर सापडायला आणि भूल नीट लागली की नाही हे ओळखायला कसबी माणूस लागतो, आणि तो कसबी माणूस डॉक्टर असतो, जो या कामाला तयार नसतो. दुसरे कारण भीतीदायक आहे. स्नायू लुळे करणारे औषध कैद्याला मरण सोपे करत नाही, पाहणाऱ्याला पाहणे सोपे करते. भूल अपुरी पडली तर आत आग पेटलेली असते आणि चेहऱ्यावर रेषही हलत नाही. औषधांच्या टंचाईत २०१० च्या सुमारास मुंबईतल्या एका औषध कंपनीने भुलीचे सोडियम थायोपेंटाल अमेरिकेतल्या तुरुंगांना विकले होते. बातमी बाहेर आल्यावर एप्रिल २०११ मध्ये तिने या कामासाठी विक्री थांबवली.

त्यानंतर अलाबामाने नायट्रोजन आणला. केनेथ स्मिथ हा त्याचा पहिला माणूस, जानेवारी २०२४. त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये एकदा इंजेक्शनने मारायचा प्रयत्न झाला होता आणि शीर न सापडल्याने तो जिवंत परत कोठडीत गेला होता. नायट्रोजनने काही सेकंदांत शुद्ध जाईल असे राज्याने सांगितले होते. साक्षीदारांनी काही मिनिटे त्याला तडफडताना पाहिले. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कॅरोलायनात एका कैद्याने उपलब्ध पर्यायांतून गोळीबार पथक निवडले, कारण इतर दोन पद्धतींची त्याला जास्त भीती वाटत होती. दीडशे वर्षे ‘याहून सौम्य’ काहीतरी शोधत जाऊन एक माणूस बंदुकीपाशी परत आला.

हे सगळे पाहिले की दीना निकालाचा तुलनेचा भाग चाळीस वर्षांनंतरही उभा राहतो, असे म्हणावे लागते. फाशीपेक्षा नक्की चांगली अशी पद्धत तेव्हा सिद्ध नव्हती आणि आजही नाही.

मग खोट कुठे आहे

तुलना हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. ‘इतरांपेक्षा वाईट नाही’ आणि ‘शुद्ध तत्काळ हरपते’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान न्यायालयाने स्वतःच कसोटी म्हणून घातले होते आणि ते सिद्ध करण्याचे ओझे राज्यावर ठेवले होते. निकाल वाचताना दिसते की त्याचा भर आयोगांच्या अहवालांवर, वैद्यकीय मतांवर आणि जेल मॅन्युअलमधल्या नियमांवर आहे. भारतात फाशी गेलेल्या माणसांच्या मानेचे प्रत्यक्षात काय झाले, किती जणांचा मणका मोडला, किती जण गुदमरून गेले, याच्या मोजदादीवर नाही. मॅन्युअल हे काय व्हायला हवे ते सांगते. काय झाले ते शवविच्छेदन सांगते. आणि अनेक राज्यांत फाशीनंतरचे शवविच्छेदन सक्तीचेच नव्हते.

ओझे राज्याच्या खांद्यावर ठेवले, आणि मग ते फार हलके करून मोजले. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

फाशीच्या आसपासचे नियम मात्र पुढे एकेक करून माणसाळत गेले. १९८५-८६ मध्ये राजस्थानात उच्च न्यायालयाने जाहीर फाशीचा आदेश दिला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला, असे करणे रानटीपणाचे आणि अनुच्छेद २१ चा भंग करणारे ठरेल म्हणून. १९९५ मध्ये परमानंद कटारा खटल्यात देह अर्धा तास लटकत ठेवण्याच्या नियमावर बोट ठेवले गेले. डॉक्टरने मृत्यू झाल्याचे सांगितल्यावर मृतदेह लटकत ठेवणे मेलेल्या माणसाच्याही प्रतिष्ठेला धरून नाही, असे ठरले. वाट पाहण्यातली यातनाही न्यायालयांनी ओळखली. पुण्यात २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीचा बलात्कार करून खून झाला होता. त्या प्रकरणातल्या दोघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द करून जन्मठेपेत बदलली, कारण अंमलबजावणीत चार वर्षांहून अधिक विलंब झाला होता. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. त्या मुलीच्या घरच्यांना ते कसे वाटले असेल, याचा विचार केल्याशिवाय हे वाक्य मला लिहिता येत नाही. पण तो विलंब मुख्यतः सरकारी टेबलांवरचा होता, आणि त्याचा दोष या निकालांच्या माथी मारता येणार नाही.

या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा आदेश २१ जानेवारी २०१४ चा, शत्रुघ्न चौहान खटल्यातला. तो गाजला दयेच्या अर्जांवरील विलंबासाठी आणि अर्ज फेटाळल्यानंतर चौदा दिवसांची मुदत घालून दिली त्यासाठी. त्यातच एक परिच्छेद आहे ज्याची चर्चा कमी झाली : यापुढे प्रत्येक फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचे. कारणही स्पष्ट दिले आहे. माणूस मानेचे मणके निखळून मेला की गळा आवळून मेला, हे त्यातून कळेल. म्हणजे दीना निकालाने जे गृहीत धरले ते तपासण्याचे साधन सर्वोच्च न्यायालयाने तीस वर्षांनी तयार केले.

२०१७ मध्ये ऋषी मल्होत्रा या वकिलांनी नव्याने याचिका केली. मरणाची रीत सन्मानाची असावी हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या ऑक्टोबरमध्ये केंद्राला नोटीस काढणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, दीना निकाल लिहिणाऱ्यांचे पुत्र. मार्च २०२३ मध्ये, तोवर सरन्यायाधीश झालेल्या धनंजय चंद्रचूड यांनी सरकारला विचारले की फाशीने होणाऱ्या मृत्यूला किती वेळ लागतो, किती वेदना होते, याची काही शास्त्रीय माहिती आहे का. तज्ज्ञांची समिती नेमण्याची तयारीही दाखवली. वडिलांनी १९८३ मध्ये ओझे राज्यावर ठेवले होते. चाळीस वर्षांनी मुलाला राज्याकडे तीच माहिती मागावी लागली.

मे २०२३ मध्ये महान्यायवादींनी समितीचा विचार चालू असल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०२५ च्या सुनावणीत कैद्याला इंजेक्शनचा पर्याय निवडू द्यायला केंद्राने अनुकूलता दाखवली नाही, आणि काळानुसार बदलायची सरकारची तयारी दिसत नाही अशी नाराजी न्यायालयाने व्यक्त केली. यात मी याचिकाकर्त्यांशी पूर्ण सहमत नाही. अमेरिकेतला अनुभव पाहिल्यावर इंजेक्शन हे उत्तर म्हणून पुढे करणे मला धोक्याचे वाटते. आपल्याकडे लष्करी कायद्यांत आजही फाशी किंवा गोळी असे दोन्ही पर्याय आहेत, तेव्हा पर्याय देणे अशक्य आहे असेही नाही. पण ज्याला निवड करायची त्याच्यासमोर आपण कोणती माहिती ठेवणार? चौघांनी विजेची खुर्ची मागितली तेव्हा त्यांच्याजवळही ऐकीव गोष्टींपलीकडे काही नव्हते.

दरम्यान कायदा बदलला आणि वाक्य तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९३(५) मध्ये, मरेपर्यंत गळफास देऊन लटकवावे, हे शब्द जसेच्या तसे आले आहेत. १८९८ च्या जुन्या संहितेतून १९७३ च्या संहितेत आणि तिथून इथे.

२०१४ च्या आदेशानंतर देशात पाच फाशा झाल्या, एक नागपूरला आणि चार तिहारला. आदेशाप्रमाणे पाचही देहांचे शवविच्छेदन होणे बंधनकारक होते. नावे झाकून ते पाच अहवाल न्यायालयाच्या तज्ज्ञांसमोर ठेवता येतील : कैद्याचे वजन किती होते, झोका किती दिला, गाठ कुठे होती, दुसरा मणका मोडला का, मज्जारज्जू तुटला का, चेहऱ्यावर आणि डोळ्यांत गुदमरल्याच्या खुणा होत्या का, आणि खटका पडल्यापासून डॉक्टरने मृत्यू जाहीर करेपर्यंत किती मिनिटे गेली.